चार भिंतींच्या आतलं करिअर

ना बॉस, ना पगार, ना पीएफ. बॅग आपणच भरायची, तिकीट आपणच काढायचं आणि पहिल्याच फेरीत हरलो तर परतीचा खर्चही आपल्याच खिशातून! व्यावसायिक स्क्वॉशपटूचं आयुष्य असतं तरी कसं? खालापूर तालुक्यात उभ्या राहिलेल्या एका अकादमीच्या निमित्तानं केलेली ही चौकशी...

कर्जत-खालापूर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? फार्महाउस, पावसाळी पिकनिक, स्टेशनवरचा गरमागरम वडा, एक्स्प्रेस-वेचा टोलनाका. फार तर खोपोलीचं इमॅजिका. मी कर्जतची. त्यामुळे कुठेही ओळख झाली की समोरच्याचं पुढचं वाक्य ठरलेलं असतं, ‘वॉव, म्हणजे तुमचं तिथे फार्महाउस आहे?’ नाही हो, आमचं घर आहे. स्टेशनपासून चालत बारा मिनिटांवर. तिथून पहाटेची लोकल पकडून आम्ही तुमच्यासारखेच घामाघूम होत मुंबईला येतो.

पण याच पट्ट्यात आणखीही एक पत्ता आहे. पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे हायवेनं निघालं की चौक लागतं. इथेच कर्जतचा फाटा फुटतो. इर्शाळगडाच्या या परिसरात, खालापूर तालुक्यात कलोते नावाचं गाव आहे. धरणाचं पाणी, भातखाचरं, पावसात हिरवेगार होणारे डोंगर. या कलोत्यात रित्विक भट्टाचार्यनं स्क्वॉशची अकादमी काढली. नाव ‘स्टार्ट’. म्हणजे ‘स्क्वॉश टेंपल अँड रिअल ट्रेनिंग’!

मंदिर आणि तेही स्क्वॉशचं? आमच्याकडे ग्रामदैवताची जत्रा भरते, क्रिकेटचे अंडरआर्म सामने भरतात, कबड्डीचे तर विचारूच नका. पण स्क्वॉश म्हटलं की आमच्या आईला अजून लिंबाची बाटली आठवते. म्हणूनच मला प्रश्न पडला. जगातल्या पहिल्या पन्नासात पोचलेला, अनेकदा राष्ट्रीय विजेता ठरलेला खेळाडू हे असं काही खालापुरात का उभं करतो? आणि त्याच्या मागून येणाऱ्या मुलामुलींच्या वाट्याला नक्की कसलं करिअर येतं?

आठ मिनिटांत खेळ खल्लास

आधी खेळ समजून घेऊ. पावणेदहा मीटर लांब, साडेसहा मीटरला जेमतेम कमी रुंद अशी एक खोली. चारी बाजूंनी भिंती. दोन खेळाडू, दोन रॅकेट आणि एक रबरी चेंडू. चेंडू समोरच्या भिंतीवर मारायचा. तो परत येताना जमिनीवर दुसरा टप्पा पडायच्या आत समोरच्यानं तो पुन्हा भिंतीवर मारायचा. बाजूच्या भिंती वापरा, मागची वापरा, काही हरकत नाही. समोरच्या भिंतीच्या तळाशी एक पत्र्याची पट्टी असते, तिला ‘टिन’ म्हणतात. चेंडू तिथे लागला की खाडकन आवाज होतो आणि पॉइंट गेला. अकरा पॉइंटचा एक गेम, पाचपैकी तीन गेम जिंकले की मॅच.

टेनिस किंवा बॅडमिंटनमध्ये मधे जाळी असते. इथे तुमचा प्रतिस्पर्धी तुमच्या शेजारीच, त्याच खोलीत असतो. त्याचा श्वास तुम्हाला ऐकू येतो. त्याला वाट द्यावी लागते, नाही दिली तर पंच पॉइंट त्याला बहाल करतात. कल्पना करा, सकाळच्या लोकलच्या डब्यात दोघांना रॅकेट देऊन सोडलंय आणि एकमेकांना धक्का लागता कामा नये.

नवी मुंबईतल्या एका ऑफिस कॉम्प्लेक्समध्ये कोर्ट आहे. तिथे नोकरी करणारी माझी मैत्रीण मला एकदा घेऊन गेली. मला वाटलं होतं, आपण रोज कर्जत लोकल पकडतो, जिने चढतो, आपला स्टॅमिना फर्स्टक्लास आहे. आठव्या मिनिटाला मी भिंतीला टेकून बसले होते. व्यावसायिक सामना तासाभराहून जास्त चालू शकतो आणि त्यात प्रत्येक फटक्यानंतर खेळाडू कोर्टच्या मधोमध, ‘टी’वर परत येतो. पुढच्या कोपऱ्यात झेप, परत टी. मागच्या कोपऱ्यात धाव, परत टी. एक पाय पुढे टाकून खोल वाकण्याची ती क्रिया एका सामन्यात शेकडो वेळा होते. गुडघे, कंबर, घोट्यामागची शीर, सगळ्यांचं बिल नंतर येतं.

सरावात तर बॉलही नसतो! ‘घोस्टिंग’ नावाचा प्रकार आहे. रिकाम्या कोर्टात खेळाडू एकटाच कोपऱ्या-कोपऱ्यांत पळतो, हवेत फटके मारतो, टीवर येतो आणि पुन्हा पळतो. बाहेरून बघणाऱ्याला भूतबाधाच वाटावी. त्यानंतर तासभर एकट्यानं एकच फटका भिंतीलगत मारत राहायचं. मग वजनं, मग मॅच. हे आठवड्यातून पाच-सहा दिवस आणि वर्षानुवर्षं. टाळ्या वाजवायला कोणी नाही.

एकट्या माणसाची कंपनी

आता मुद्द्याचं बोलू. पैसा!

व्यावसायिक स्क्वॉश चालवते ती ‘पीएसए’, म्हणजे प्रोफेशनल स्क्वॉश असोसिएशन. १९७५ साली सुरू झालेली ही संघटना २०१५ मध्ये महिला खेळाडूंच्या संघटनेशी एक झाली. तिच्या स्पर्धांचे साधारण दोन मजले आहेत. वरच्या मजल्यावर वर्ल्ड टूर. तिथे चकचकीत काचेचं कोर्ट, टीव्ही कॅमेरे आणि बरी बक्षिसं. २०१९ मध्ये शिकागोत झालेल्या जागतिक स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम तर दहा लाख डॉलर होती. ती पुरुष आणि महिलांमध्ये निम्मी-निम्मी वाटली गेली. खालच्या मजल्यावर चॅलेंजर स्पर्धा. बहुतेकांचं निम्मं करिअर इथेच जातं.

चॅलेंजरची खालची पायरी अनेक वर्षं पाच हजार डॉलरच्या आसपास होती. आपल्या पैशात चार लाखांहून थोडं जास्त. ‘वा, वाईट काय?’ असं म्हणण्याआधी थांबा. ही रक्कम सगळ्या खेळाडूंत मिळून वाटायची असते. सगळे सामने जिंकणाऱ्यालाही त्यातला पाचवा हिस्सा पूर्ण मिळत नाही. पहिल्या फेरीत हरलेल्याच्या हातात जे पडतं त्यात विमानाचं तिकीट सोडाच, विमानतळावरचं जेवण निघालं तरी नशीब. त्यात व्हिसा, कोच, फिजिओ, रॅकेट, शूज. म्हणून छोट्या स्पर्धांत बरेच खेळाडू हॉटेलऐवजी स्थानिक क्लबच्या एखाद्या सभासदाच्या घरी उतरतात. यजमानांच्या सोफ्यावर झोपायचं, सकाळी त्यांच्याबरोबर चहा-टोस्ट खायचा आणि दुपारी मॅच खेळायची.

बरं, इतकं करून रँकिंगचे गुण मिळाले तरी ते कायमचे नसतात. वर्षभरानं ते गळून पडतात. म्हणजे मागच्या मार्चमध्ये तुम्ही जे कमावलं, ते या मार्चमध्ये पुन्हा कमवा, नाहीतर घसरा. दर वर्षी अप्रेझल शून्यापासून! रँकिंग घसरलं की मोठ्या स्पर्धेत थेट प्रवेश नाही आणि प्रवेश नाही तर गुण नाहीत. दुखापत होऊन सहा महिने घरी बसलात तर शिडीवरून किती पायऱ्या खाली आलात हे मोजायचंसुद्धा धाडस होत नाही.

मग जगतात कसे? युरोपातल्या क्लब लीगमध्ये दर सामन्यामागे मानधन मिळतं. कोणी मधल्या वेळात मुलांना शिकवतं. कोणाला रॅकेटची कंपनी सामान देते. थोडं वर पोचलं तर स्पॉन्सर आणि सरकारी योजनेचा आधार मिळतो. आणि सगळ्यात मोठा, कुठेही न लिहिला जाणारा स्पॉन्सर म्हणजे आई-बाबा.

मी फ्रीलान्सर आहे. लेख छापून आला तरी चेक कधी येईल हे देवाला ठाऊक. त्यामुळे हे गणित ऐकताना मला परकं काही वाटलं नाही. एक फरक मात्र मोठा आहे. मी साठाव्या वर्षीही लिहू शकेन. स्क्वॉशपटूला पस्तिशीतच ‘आता पुढे काय?’ विचारलं जातं.

लंडन व्हाया खालापूर

रित्विक भट्टाचार्य २०००च्या दशकात आपल्याकडचा नंबर एकचा खेळाडू होता. तेव्हा जागतिक दर्जाचा सराव हवा तर देश सोडण्यावाचून इलाज नव्हता. तो लंडनला गेला, नील हार्वी या कोचकडे. हार्वी म्हणजे जागतिक विजेत्या पीटर निकोलला घडवणारा माणूस. रित्विकच्या पाठोपाठ आलेला सौरव घोषाल इंग्लंडमध्येच पाँटिफ्रॅक्ट क्लबात, माल्कम विलस्ट्रॉप यांच्या हाताखाली तयार झाला. कारण साधं आहे. स्क्वॉशमध्ये तुम्ही तितकेच चांगले होता, जितका तुमचा रोजचा जोडीदार चांगला असतो. भिंतीशी कितीही खेळा, भिंत तुम्हाला फसवत नाही. फसवणारा माणूस समोर लागतो आणि तसे दहा-बारा जण एका छताखाली लागतात.

परदेशात राहून ते मिळतं. पण त्याची किंमत पौंडात मोजायची! ज्याच्या घरी ती ऐपत नाही त्याचं काय? चेन्नईत इंडियन स्क्वॉश अकादमी उभी राहिली तेव्हा या प्रश्नाचं एक उत्तर मिळालं. जोश्ना चिनप्पा आणि दीपिका पल्लिकल ही त्या शहराची देणगी. अभय सिंग, वेलवन सेंथिलकुमार ही पुढची फळीही तिथलीच.

आपल्या बाजूला मात्र स्क्वॉश म्हणजे मुंबईतले क्लब आणि जिमखाने. तिथे कोर्ट आहेत, इतिहासही आहे. पण कोर्टच्या आधी गेट आहे आणि गेटवर सभासदत्व विचारलं जातं. त्या पार्श्वभूमीवर रित्विकनं कलोत्याला अकादमी काढली याचं मला महत्त्व वाटतं. सरावासाठी राहायची जागा, खेळायची जागा आणि आजूबाजूला मॉल नाही, मल्टिप्लेक्स नाही. संध्याकाळी सात वाजता रातकिड्यांशिवाय कोणी बोलत नाही. मुंबईत एका कोर्टाएवढ्या जागेचा भाव ऐकून चक्कर येते. मुंबई-पुण्याच्या मधे, डोंगराच्या पायथ्याशी असा मोकळेपणा मिळू शकतो. खेळाडूनं करिअर संपवून कॉमेंट्री बॉक्स गाठायचा किंवा परदेशी क्लबात कोच व्हायचं, हा रुळलेला मार्ग. त्याऐवजी स्वतःला लंडनला जाऊन जे शोधावं लागलं ते इथेच उभं करायचं, हा वेगळा. खेळाडूचं दुसरं करिअर कसं असावं याचं ते एक उत्तर आहे.

अर्थात कोकणच्या पायथ्याशी स्क्वॉश म्हणजे निसर्गाशीही मॅच! पावसाळ्यात दमट हवेनं भिंतींना आणि लाकडी फरशीला ओल सुटते, पाय घसरतो. उन्हाळ्यात रबरी चेंडू तापून उडायला लागतो आणि फटका मारून संपवणं कठीण होतं. थंडीत तोच चेंडू मेल्यासारखा पडतो. पण ज्याला जगभर फिरायचंय त्याला चेंडूच्या या सगळ्या मूडची सवय हवीच.

गेटच्या आतले आणि बाहेरचे

गंमत बघा, या खेळातले पहिले व्यावसायिक गेटच्या बाहेरचेच होते. ब्रिटिशांच्या काळात साहेब लोक हौस म्हणून खेळायचे. त्यांना खेळवायला, शिकवायला, गुण मोजायला क्लबात नोकरीला जो माणूस असायचा, त्याला ‘मार्कर’ म्हणत. पैसे घेऊन खेळणारा, म्हणून तो ‘प्रोफेशनल’. हा शब्द तेव्हा मानाचा नव्हता, पगारी नोकराचा होता.

पेशावरच्या साहेबांच्या क्लबात चेंडू आणून देणारा एक मुलगा असाच शिकला. त्याचं नाव हाशिम खान. १९४४ साली तो मुंबईत आला आणि इथल्या अखिल भारतीय स्पर्धेत मुंबईच्या अब्दुल बारी यांना हरवून जिंकला. पुढे फाळणी झाली. बारी भारतात राहिले आणि १९५० मध्ये लंडनला जाऊन ब्रिटिश ओपनच्या अंतिम फेरीत पोचले. इजिप्तच्या महमूद करीमनं त्यांना हरवलं. ‘ज्याला मी मुंबईत हरवत होतो तो इतका पुढे गेला, तर मी का नाही?’ हा विचार पेशावरात झाला नसता तरच नवल. १९५१ मध्ये पस्तिशी ओलांडलेला हाशिम लंडनला पोचला आणि त्यानं करीमचाच धुव्वा उडवला. तिथून खान घराण्याचं राज्य सुरू झालं. त्याचा कळस म्हणजे ऐंशीच्या दशकातला जहांगीर खान.

म्हणजे पाकिस्तानच्या सुवर्णयुगाचा एक धागा आपल्या मुंबईच्या कोर्टातून गेला आहे. आणि त्या गोष्टीतले दोन्ही नायक क्लबात नोकरी करणारे होते, सभासद नव्हते.

नंतर चित्र उलटलं. १९६०च्या दशकात मुंबईचा अनिल नायर इंग्लंडमधली ज्युनिअर्सची मानाची ड्रायस्डेल कप स्पर्धा जिंकला, हार्वर्डला गेला आणि १९६९, १९७० मध्ये अमेरिकेचा राष्ट्रीय विजेता झाला. तिथपासून स्क्वॉश हा अमेरिकी विद्यापीठाचं दार उघडणारा खेळ बनला. आजही अनेक पालक याच हिशेबानं मुलाच्या हातात रॅकेट देतात. रँकिंग मिळालं तर उत्तम, ॲडमिशन मिळाली तर सर्वोत्तम!

हेज फंड की कोर्ट?

याच वाटेनं गेलेल्या एकाची गोष्ट तुम्हाला आवडेल. कोलकात्याचा रमित टंडन. कोलंबिया विद्यापीठातून पदवी, न्यूयॉर्कला हेज फंडात नोकरी. आपल्यापैकी अर्ध्यांचा ड्रीम जॉब! काही वर्षांनी त्यानं ती सोडली आणि पूर्णवेळ स्क्वॉश खेळू लागला. २०१८च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये सांघिक ब्राँझ जिंकणाऱ्या भारतीय चमूत तो होता आणि पुढे जगातल्या पहिल्या पन्नासात पोचला.

आपण म्हणतो, ‘काय डेअरिंग!’ डेअरिंग आहेच. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्याच्याकडे सोडायला नोकरी होती. पडलाच तर झेलायला पदवी होती. जाळी खाली बांधलेली असली की झुल्यावरची उडी जमते. कर्जतच्या कॉलेजात बी.कॉम. करणाऱ्या मुलानं असं पाऊल टाकायचं ठरवलं तर त्याच्याखाली काय आहे?

मुलींच्या बाबतीत जाळीला आणखी एक भोक होतं. राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांना जास्त बक्षीस आणि महिलांना कमी, हा प्रकार वर्षानुवर्षं चालू होता. दीपिका पल्लिकलनं सरळ सांगितलं, समान रक्कम द्या, नाहीतर मी खेळणार नाही. काही वर्षं ती राष्ट्रीय स्पर्धेत उतरलीच नाही. २०१६ मध्ये रक्कम समान झाली तेव्हाच परतली. मधल्या काळात, २०१४ मध्ये, ग्लासगोच्या कॉमनवेल्थ गेम्समध्ये तिनं आणि जोश्नानं दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. स्क्वॉशमधलं भारताचं ते पहिलं कॉमनवेल्थ सुवर्ण. ऑफिसात ‘त्याला किती इन्क्रिमेंट मिळालं?’ हे कुजबुजत विचारणाऱ्या आपल्यासारख्यांनी दीपिकाकडून हे शिकायला हवं. गोव्याची आकांक्षा साळुंखे आज व्यावसायिक दौऱ्यावर खेळते. तिच्या पिढीला हा मुद्दा नव्यानं भांडावा लागला नाही.

महेशची मॅच

या सगळ्या गणितात एक सामना माझ्या मनातून जात नाही. ३० सप्टेंबर २०२३, हांगझोऊ, एशियन गेम्स, पुरुषांची सांघिक अंतिम फेरी. समोर पाकिस्तान. तीन सामन्यांपैकी दोन जिंकायचे. भारताकडून पहिला उतरला तो मुंबईचा महेश माणगावकर.

महेश हा आपला मराठी मुलगा. २०१४ साली इंचॉनला भारतानं पहिल्यांदा हे सांघिक सुवर्ण जिंकलं तेव्हा तो अवघ्या विशीतला होता आणि त्या संघात होता. जागतिक क्रमवारीत पहिल्या पन्नासापर्यंत पोचला. हांगझोऊत तो नासिर इक्बालकडून सरळ तीन गेममध्ये हरला. मग सौरव घोषालनं आपला सामना जिंकून बरोबरी केली. शेवटच्या सामन्यात अभय सिंग पाचव्या गेममध्ये ८-१० असा मागे होता. एक पॉइंट गेला की सगळं संपलं! तिथून त्यानं १२-१० असा गेम काढला आणि भारतानं सुवर्ण जिंकलं. रॅकेट हवेत भिरकावणाऱ्या अभयचा तो क्षण बऱ्याच जणांनी पाहिला असेल.

मी मात्र महेशचा विचार करत होते. स्वतःची मॅच हरून बाजूला बसायचं, पुढचे दोन सामने बघायचे, आणि शेवटी गळ्यात पडतं ते सुवर्णपदक. हे सुवर्ण त्याचंही तितकंच आहे, कारण अंतिम फेरीपर्यंतचा रस्ता एकट्यानं होत नाही. वर्षभर एकट्यानं फिरणाऱ्या, एकट्यानं हरणाऱ्या या मुलांना हे आठ-दहा दिवसच संघ मिळतो. बाकीचे दिवस ते परदेशातल्या कुठल्या तरी छोट्या शहरात, कोणाच्या तरी घरच्या सोफ्यावर असतात आणि त्यांचा स्कोअर आपल्या पेपरात चार ओळीही खात नाही.

सोळा जागा

त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १६ ऑक्टोबर २०२३ रोजी, एक गोष्ट घडली आणि तीही मुंबईतच. बीकेसीमध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं अधिवेशन भरलं होतं. तिथे २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये पाच खेळ घ्यायचं ठरलं. क्रिकेटची बातमी पहिल्या पानावर गेली. त्याच यादीत स्क्वॉशही होता! कितीतरी वेळा दार ठोठावून परत पाठवलेला हा खेळ पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये जाणार.

पुरुषांत सोळा जागा, महिलांत सोळा. इतकंच. पण त्याचा अर्थ मोठा आहे. आपल्याकडे ‘ऑलिम्पिक’ हा शब्द लागला की सरकारी फाइल हलते, कंपन्या फोन उचलतात आणि शाळेचे सर ‘ते कसलं फॅड’ म्हणत नाहीत. सौरव घोषाल २०१९ मध्ये जगात दहाव्या क्रमांकावर पोचला होता. त्यानं २०२४ मध्ये व्यावसायिक दौऱ्यातून निवृत्ती जाहीर केली. वीस वर्षांहून जास्त खेळला, पण ऑलिम्पिक त्याच्या वाट्याला आलं नाही. दिल्लीची अनाहत सिंग मात्र २००८ची. लॉस एंजेलिसच्या वेळी ती वीस वर्षांची असेल. करिअर कधी सुरू होतं, यावर किती काही अवलंबून असतं! डिसेंबर २०२५ मध्ये चेन्नईत जोश्ना, अभय, वेलवन आणि अनाहत यांच्या संघानं हाँगकाँगला हरवून भारताला पहिल्यांदा स्क्वॉशचा वर्ल्ड कप मिळवून दिला, तोही एका मॉलमधल्या काचेच्या कोर्टवर. खेळ क्लबच्या गेटबाहेर आला की गर्दी होते, हे त्या दिवशी दिसलं.

माझा मुद्दा इथेच येतो. कबड्डीला मैदान लागतं, कुस्तीला माती. स्क्वॉशला लागतात चार भिंती आणि लाकडी फरशी. आपल्या गावोगावी बंद पडलेली गोदामं, शाळांचे हॉल, नगरपालिकांची रिकामी सभागृहं काय थोडी आहेत? चौक किंवा खोपोलीच्या एखाद्या शाळेत साधं, पण मापातलं एक कोर्ट झालं तर कलोत्याच्या अकादमीपर्यंत जायला पोरांना पहिली पायरी मिळेल. अकादमी ही वरची पायरी असते. खालची पायरीच नसेल तर वर पोचणार फक्त गाडीतून येणारे. आणि एखादा हाशिम खान चेंडू गोळा करतच राहील.

हे करिअर सोपं नाही, सुरक्षित तर मुळीच नाही. बहुतेकांना पैसा मिळणार नाही, नाव मिळणार नाही. गुडघे मात्र नक्की दुखतील. तरी ते निवडण्याचा हक्क कोणाला आहे, हा प्रश्न राहतोच. मुंबईच्या मुलाला ‘खेळू की नोकरी करू?’ असा प्रश्न पडतो. आमच्या पट्ट्यातल्या पोराला निदान तो प्रश्न तरी पडायला हवा.

ट्राय करायचंय?

● क्लबचं सभासदत्व नसेल तरी हरकत नाही. अनेक मोठ्या ऑफिस संकुलांत आणि हाउसिंग कॉम्प्लेक्समध्ये कोर्ट असतं आणि ते बहुतेक वेळा रिकामंच असतं. आधी तुमच्याच एचआरला विचारा.

● दोन पिवळे ठिपके असलेला चेंडू व्यावसायिकांचा. तो सगळ्यात कमी उडतो. नवशिक्यांनी जास्त उडणारा चेंडू घ्यावा, नाहीतर रॅली होतच नाही.

● चेंडू आधी भिंतीवर मारून गरम करायचा. थंड चेंडू उडत नाही.

● फरशीवर डाग न पाडणाऱ्या सोलचे इनडोअर शूजच घाला. रस्त्यावरचे जॉगिंग शूज नकोत.

● डोळ्यांना संरक्षक चष्मा हवाच. चेंडू नेमका डोळ्याच्या खोबणीत बसेल एवढाच असतो.

● वजन कमी करायला स्क्वॉश खेळू नका. आधी थोडं फिट व्हा, मग खेळा. विश्वास बसत नसेल तर घड्याळ लावून बघा, आठ मिनिटांनी बोलू!